नेटवर्क स्विचचा लॉगिन पडदा आणि प्रॉम्प्ट : कमांड देण्याआधी काय वाचावे

धरमपेठेतील एखादे रुग्णालय असो, हिंगणा एमआयडीसीतील कारखान्याचे कार्यालय असो किंवा एखाद्या शाळेची संगणक प्रयोगशाळा असो, तेथील सर्व संगणक, कॅमेरे आणि वाय-फायची यंत्रे ज्या चपट्या लोखंडी पेटीला जोडलेली असतात, ती पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. घरगुती वापराच्या साध्या स्विचला वीज आणि केबल एवढेच पुरते. मात्र ज्याला ‘मॅनेज्ड स्विच’ म्हणतात त्याच्या आत स्वतःची कार्यप्रणाली असते, आणि तिच्याशी बोलण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आजही काळ्या पडद्यावर अक्षरे टाइप करण्याचाच आहे. त्या पडद्यावर बटणे नसतात, चित्रे नसतात, माउसचा उपयोग नसतो. असते ती केवळ एक अर्धवट ओळ, जिला प्रॉम्प्ट म्हणतात, आणि तिच्या शेवटी लुकलुकणारा कर्सर. नव्याने काम शिकणारा मुलगा किंवा मुलगी येथे बिचकते, आणि पाठ केलेल्या कमांड भराभर देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. माझे आग्रहाचे म्हणणे असे की कमांड पाठ करण्याआधी ती अर्धवट ओळ वाचायला शिकावी. आपण कोणत्या यंत्रावर आहोत, आपल्याला किती अधिकार मिळालेला आहे आणि आपण कोणत्या भागात बदल करणार आहोत, हे तिन्ही तेथे लिहिलेले असते.

या लेखातील उदाहरणे सिस्को कंपनीच्या आयओएस प्रणालीची आहेत, कारण शिकवण्यांमध्ये आणि प्रमाणपत्र परीक्षांमध्ये तीच अधिक भेटते आणि इतर अनेक कंपन्यांनी तिच्याच धर्तीवर आपली कमांडची भाषा बेतलेली आहे. पडद्यावर हे सर्व इंग्रजी अक्षरांत दिसते; येथे वाचण्याच्या सोयीसाठी ते देवनागरीत दिले आहे.

नव्या स्विचला अद्याप नेटवर्कवरचा पत्ता नसतो, त्यामुळे त्याच्याशी पहिली गाठ कन्सोल पोर्टमधूनच, म्हणजे थेट केबल लावून स्विचशी बोलण्यासाठी ठेवलेल्या खाचेतूनच पडते. हा पोर्ट दिसायला नेहमीच्या लॅन पोर्टसारखाच असतो, म्हणून त्याच्या शेजारचे ‘कन्सोल’ हे नाव आणि बहुधा भोवती असलेली फिकट निळी खूण पाहूनच केबल लावावी. कन्सोलची केबलही वेगळी असते. तिच्या एका टोकाला लॅन केबलसारखा जॅक आणि दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा सीरियल जोड असतो. आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसल्यामुळे यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो, जो सीताबर्डीतील संगणकाच्या दुकानांत सहज मिळतो. काही नव्या स्विचना थेट यूएसबी कन्सोलही असतो. लॅपटॉपवर पुटी किंवा टेरा टर्म यांसारखा टर्मिनल प्रोग्रॅम उघडावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम पोर्टचा क्रमांक निवडावा आणि वेग ९६०० बॉड (म्हणजे येथे सेकंदाला ९६०० बिट), डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल बंद, असे ठेवावे.

एवढे करूनही पडदा कोरा राहिला तर घाबरू नये, एकदा एंटर दाबावे. स्विच प्रॉम्प्ट आपणहून दाखवत नाही, समोर कोणी आहे याची चाहूल लागल्यावरच तो ती ओळ छापतो. एंटर दाबूनही काही आले नाही तर कॉम पोर्टचा क्रमांक चुकलेला असतो, फ्लो कंट्रोल चालू राहिलेला असतो किंवा केबल चुकीच्या पोर्टमध्ये गेलेली असते. अक्षरांऐवजी विचित्र चिन्हांचा सडा पडला तर दोष जवळजवळ नेहमी वेगाचा असतो, कारण काही कंपन्यांची उपकरणे ९६०० ऐवजी १,१५,२०० बॉडने बोलतात. ९६०० हा वेग किती संथ आहे, याचीही जाण ठेवावी. एका अक्षरामागे सुरुवातीचा, शेवटचा आणि आठ डेटाचे असे दहा बिट जात असल्याने सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे येतात. मोठी सेटिंग पाहताना पडदा रेंगाळतो तो यामुळे. स्विच बिघडलेला नसतो.

स्विच नुकताच चालू केला असेल तर लॉगिनच्या आधी बराच मजकूर सरकत जातो. त्यात मेमरीची तपासणी, फाइलची नावे आणि @ किंवा # चिन्हांची लांबलचक रांग असते. ही रांग प्रणालीची फाइल उघडली जात असल्याची खूण आहे, पुढे प्रॉम्प्टमध्ये येणाऱ्या # चिन्हाशी तिचा संबंध नाही. अगदी कोरा स्विच शेवटी विचारतो की प्राथमिक सेटिंगची प्रश्नोत्तरे सुरू करायची का. तेथे ‘नो’ लिहावे. ती प्रश्नोत्तरे अपुरी असतात आणि मधेच चूक झाली की नवशिक्याचा गोंधळ उडतो. त्यानंतर ‘प्रेस रिटर्न टू गेट स्टार्टेड’ ही ओळ येते आणि एंटर दाबल्यावर खरी सुरुवात होते.

आधीपासून वापरात असलेल्या स्विचवर मात्र सर्वांत वर एक सूचना दिसते. तिला बॅनर म्हणतात आणि ती लॉगिनच्या आधी दाखवली जाते, म्हणजे जो आत येण्यास पात्र नाही तोही ती वाचतो. म्हणूनच बॅनरमध्ये ‘स्वागत आहे’ असे लिहू नये, आणि स्विचचे मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, मजला, विभाग असा तपशीलही देऊ नये. हे उपकरण अमुक संस्थेच्या मालकीचे आहे, परवानगीवाचून प्रवेश करण्यास मनाई आहे आणि येथील हालचालींची नोंद ठेवली जाते, एवढे पुरते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणक व्यवस्थेत प्रवेश करण्याचा उल्लेख आहे, आणि ते कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘मनाई आहे’ हे स्पष्ट शब्दांत आधीच लिहिलेले असणे संस्थेच्या हिताचे असते.

बॅनरखाली साधारणपणे हे दिसते:

युजर ॲक्सेस व्हेरिफिकेशन
युजरनेम:
पासवर्ड:

येथे काय विचारले गेले, यावरूनच त्या संस्थेची शिस्त कळते. युजरनेम न विचारता थेट पासवर्ड विचारला गेला तर त्या मार्गासाठी एकच सामायिक पासवर्ड ठेवलेला आहे. तो कोणाकोणाला माहीत आहे, कोण नोकरी सोडून गेले आणि काल रात्री कोण आत आले, यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही. प्रत्येक माणसाचे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड असावा, मग संस्था कितीही लहान असो. यात सवलत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या ठिकाणी ही नावे स्विचमध्ये न ठेवता एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवतात आणि स्विच रेडियस किंवा टॅकॅक्स प्लस या पद्धतीने त्या सर्व्हरला विचारून घेतो. अशा ठिकाणी पासवर्ड दिल्यावर पडदा बराच वेळ थिजला तर सर्व्हरशी संपर्क तुटलेला असण्याची शक्यता असते, आणि तशी तरतूद करून ठेवलेली असेल तर थोड्या वेळाने स्विचमध्येच साठवलेले स्थानिक नाव चालते.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपके नाहीत आणि तारेही नाहीत. कळफलक बंद पडला असे समजून अनेकजण तोच पासवर्ड दोनदा लिहितात आणि तो चुकतो. अक्षरे आत जात असतात. ती दाखवायची नाहीत एवढेच ठरलेले असते, जेणेकरून मागे उभ्या असलेल्याला पासवर्डची लांबीही कळू नये. लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जातो, म्हणून कॅप्स लॉक पाहावे. आपल्याकडे आणखी एक कारण वारंवार आढळते. आधी मराठीत पत्र लिहिलेले असते, लॅपटॉपवर मराठी कळफलक तसाच चालू राहतो आणि पासवर्डमध्ये देवनागरी अक्षरे जातात. ती दिसत नसल्यामुळे चूक लक्षातच येत नाही. त्यावर सोपा उपाय असा की युजरनेमच्या जागी आधी दोन-चार अक्षरे लिहून ती कशी उमटतात हे पाहावे आणि मग ती खोडून खरे नाव लिहावे. काही प्रयत्न फसल्यावर ‘बॅड पासवर्ड्स’ किंवा ‘लॉगिन इनव्हॅलिड’ असे उत्तर येते. नाव चुकले की पासवर्ड, हे स्विच सांगत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तसे सांगितले तर परक्या माणसाला निदान बरोबर नाव तरी कळेल.

पत्ता दिलेल्या स्विचवर जागेवरूनच, नेटवर्कमधून लॉगिन करता येते. त्यासाठी टेलनेट आणि एसएसएच असे दोन मार्ग आहेत. टेलनेट १९६९ पासूनचा आहे आणि त्यात पासवर्डसह सर्व मजकूर उघडाच जातो. वाटेत ऐकणारा तो जसाच्या तसा वाचू शकतो. एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी तयार केला, आणि त्यात सर्व संभाषण सांकेतिक रूपात जाते. म्हणून टेलनेट बंदच ठेवावा. एसएसएचने पहिल्यांदा जाताना लॉगिनच्याही आधी लॅपटॉप एक प्रश्न विचारतो की या यंत्राची ओळख मला ठाऊक नाही, तिचा ठसा अमुक आहे, विश्वास ठेवू का. पहिल्या खेपेस हा प्रश्न अपेक्षित असतो. परंतु रोजच्या स्विचवर जाताना ‘ओळख बदलली आहे’ असा इशारा आला, तर ‘येस’ म्हणण्याआधी थांबावे. स्विच बदलला गेला आहे का, त्याची एसएसएचसाठीची सांकेतिक किल्ली नव्याने तयार केली आहे का, हे सहकाऱ्याला विचारून खात्री करावी, कारण वाटेत दुसरेच यंत्र उभे राहून पासवर्ड गोळा करत असेल तरी अगदी हाच इशारा येतो.

लॉगिन झाल्यावर आपण प्रॉम्प्टपर्यंत पोहोचतो. समजा, सीताबर्डीवरील एका कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचवर ही ओळ आली:

एनजीपी-बर्डी-म२-०१>

चिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे त्या स्विचचे नाव. ते आपणच ठेवायचे असते. न ठेवल्यास सर्व स्विच ‘स्विच’ याच नावाने उत्तर देतात. एकाच वेळी चार खिडक्या उघडून काम करणाऱ्याला चारही ठिकाणी ‘स्विच>’ दिसत असेल, तर चुकीच्या यंत्रावर कमांड जाणे ही केवळ वेळेची बाब आहे. म्हणून नवा स्विच हाती आला की पहिले काम नाव ठेवण्याचे करावे, आणि नावात शहर, इमारत, मजला व क्रमांक असे काही तरी असावे की जे वाचून माणूस थेट त्या रॅकपाशी चालत जाऊ शकेल. बॅनरमध्ये जो तपशील टाळायचा तोच येथे द्यायचा, कारण हे नाव आत आलेल्यालाच दिसावे अशी अपेक्षा असते.

शेवटचे > हे चिन्ह सांगते की आपण सर्वसाधारण वापरकर्ते आहोत. येथे स्विचची थोडी माहिती पाहता येते, पिंग करता येते, म्हणजे दुसरे यंत्र उत्तर देते का ते तपासता येते, पण सेटिंग बदलता येत नाही. पुढे जाण्यासाठी ‘एनेबल’ लिहावे लागते, दुसरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि मग > च्या जागी # येते. आयओएसमध्ये अधिकाराच्या पातळ्या ० ते १५ अशा आहेत. नेहमीच्या मांडणीत > म्हणजे पातळी १ आणि # म्हणजे पातळी १५. ज्याच्या नावाला आधीच १५ ची पातळी दिलेली असते तो लॉगिन होताच थेट # वर येऊ शकतो. # वर संपूर्ण सेटिंग वाचता येते, फाइल पुसता येते आणि स्विच पुन्हा सुरूही करता येतो. येथे ‘फक्त बघतो आहे’ असे म्हणणाऱ्यानेही हात सांभाळावा.

यानंतर ‘कॉन्फिगर टर्मिनल’ लिहिले की ओळ पुन्हा बदलते:

एनजीपी-बर्डी-म२-०१(कॉन्फिग)#

# वर राहून सेटिंग वाचणे आणि येथे येऊन ती बदलणे यांत सातबाराची नक्कल काढणे आणि मूळ दप्तरात फेरफार नोंदवणे यांच्याएवढे अंतर आहे. फरक असा की या फेरफाराला हरकतीची मुदत नसते. प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबताच ती त्याच क्षणी लागू होते. ‘लागू करा’ असे वेगळे बटण नाही आणि ‘खरेच करू का’ असा प्रश्नही बहुतेक वेळा येत नाही. येथून एखाद्या पोर्टमध्ये शिरलो की कंसातील शब्द ‘कॉन्फिग-इफ’ होतो, व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवर आखलेल्या नेटवर्कच्या स्वतंत्र आभासी विभागात शिरलो की ‘कॉन्फिग-व्हीलॅन’ होतो, कन्सोल किंवा एसएसएचच्या प्रवेशमार्गांत शिरलो की ‘कॉन्फिग-लाइन’ होतो, आणि एकदम अनेक पोर्ट निवडले तर ‘कॉन्फिग-इफ-रेंज’ होतो. ‘एक्झिट’ने एक पायरी मागे येता येते, ‘एंड’ने थेट # वर.

कंसातला हा शब्द किती महत्त्वाचा आहे, ते एकाच कमांडवरून दिसते. ‘शटडाउन’ ही कमांड (कॉन्फिग-इफ)# वर एखाद्या पोर्टमध्ये असताना दिली तर तो एक पोर्ट बंद पडतो, म्हणजे एका टेबलावरचा संगणक तुटतो. तीच (कॉन्फिग-इफ-रेंज)# वर दिली तर निवडलेले सर्व पोर्ट, कदाचित संपूर्ण मजला, एकदम बंद होतो. (कॉन्फिग-व्हीलॅन)# वर दिली तर त्या स्विचवरील त्या व्हीलॅनची वाहतूक थांबते. पोर्टचे दिवे मात्र हिरवेच राहतात, त्यामुळे दोष शोधणाऱ्याची दिशाभूल होते. आणि आपण व्हीलॅनच्या आभासी इंटरफेसमध्ये असू, ज्यावर स्विचचा स्वतःचा पत्ता असतो, तर कंसात पुन्हा ‘कॉन्फिग-इफ’ असेच दिसते. पण ‘शटडाउन’ देताच लोकांचे संगणक चालू राहतात आणि आपला एसएसएच संपर्क तुटतो.

प्रॉम्प्टची एक खरी उणीव येथे लक्षात घ्यावी लागते. ‘कॉन्फिग-इफ’ एवढेच तो सांगतो. पोर्ट पाच की पोर्ट चोवीस, हे सांगत नाही. चहाला उठून पंधरा मिनिटांनी परत आलेला माणूस पडद्यावर (कॉन्फिग-इफ)# पाहून आपण पाचव्याच पोर्टमध्ये आहोत असे गृहीत धरतो, तर मधल्या वेळेत सहकाऱ्याने चोविसावा, म्हणजे वरच्या स्विचकडे जाणारा पोर्ट उघडलेला असू शकतो. म्हणून बदल करण्याआधी ‘इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/५’ ही ओळ पुन्हा लिहावी. ती दुसऱ्यांदा लिहिल्याने काहीही बिघडत नाही. शिवाय आयओएस एका कप्प्यात असताना दुसऱ्या कप्प्याची कमांडही निमूटपणे स्वीकारतो. पोर्टमध्ये असताना ‘व्हीलॅन २०’ लिहिले की बाहेर न पडता आपण थेट व्हीलॅनमध्ये जातो, आणि त्याची खूण म्हणून कंसातला शब्द तेवढा बदलतो. पुढची ओळ कोठे लागू होणार, हे त्या एका शब्दावर ठरते.

लांबच्या स्विचवर, उदाहरणार्थ शहरात बसून बुटीबोरीच्या कारखान्यातील स्विचवर, जोखमीचा बदल करायचा असेल तर आधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवण्याची जुनी आणि चांगली रीत आहे. बदलामुळे संपर्क तुटलाच, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होतो आणि शेवटची जतन केलेली सेटिंग परत येते. बदल नीट झाला तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यावे. यासाठी मधल्या काळात नवी सेटिंग जतन करायची नाही, हे ओघाने आलेच.

चुकीच्या कमांडला मिळणारी उत्तरेही वाचण्यासारखी असतात. ओळीखाली ^ हे टोपीसारखे चिन्ह आले तर ज्या अक्षराखाली ते आहे तेथपर्यंतचे स्विचला समजले आहे. संपूर्ण ओळ पुन्हा न लिहिता तेवढाच भाग तपासावा. ‘इनकम्प्लीट कमांड’ म्हणजे पुढे आणखी काही लिहायचे राहिले, आणि ‘ॲम्बिग्युअस कमांड’ म्हणजे आपण इतके आखडते लिहिले की त्यातून दोन अर्थ निघतात. प्रश्नचिन्ह लिहिले की त्या जागी चालणाऱ्या सर्व शब्दांची यादी मिळते आणि टॅब कळीने अर्धा शब्द पूर्ण होतो. यादी लांब असेल तर तळाशी ‘--मोअर--’ येते. तेथे स्पेसने पुढचे पान, एंटरने पुढची ओळ आणि क्यू अक्षराने सुटका. हा प्रॉम्प्ट नाही, त्यामुळे येथे लिहिलेली कमांड वाया जाते. आणखी एक जागा नवशिक्यांना हमखास अडकवते. # वर एखादा शब्द चुकला की स्विच त्याला दुसऱ्या यंत्राचे नाव समजतो, ‘ट्रान्सलेटिंग’ अशी ओळ छापून त्या नावाचा पत्ता शोधत बसतो, आणि तोवर पडदा गोठल्यासारखा दिसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ या कळी एकत्र दाबल्या की तो शोध सोडतो. ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ ही ओळ सेटिंगमध्ये ठेवल्यास ही अडचण कायमची मिटते.

कन्सोलवर काम करताना आपण अर्धी कमांड लिहिलेली असते आणि मधेच असे काही घुसते:

%लिंक-३-अपडाउन: इंटरफेस गिगाबिटइथरनेट०/५, चेंज्ड स्टेट टू डाउन

ही आपल्या चुकीची प्रतिक्रिया नाही. स्विच घडलेली घटना नोंदवतो आहे. पहिला शब्द विभाग, मधला अंक तीव्रता आणि पुढचा शब्द घटना. तीव्रता ० ते ७ असते. ० म्हणजे यंत्र निकामी होण्याची वेळ, ७ म्हणजे बारीकसारीक तपशील. आपली अर्धी ओळ पुसली गेलेली नसते, ती नुसती विस्कटलेली दिसते. प्रवेशमार्गाच्या सेटिंगमध्ये ‘लॉगिंग सिंक्रोनस’ दिले की नोंद छापून झाल्यावर स्विच आपली अर्धी ओळ पुन्हा खाली मांडून देतो. नोंदीच्या आधीच्या वेळेकडेही पाहावे. तेथे तारांकित ‘मार्च १’ दिसत असेल तर स्विचला खरी वेळ माहीतच नाही. घड्याळ न लावलेले सिस्कोचे अनेक जुने कॅटॅलिस्ट स्विच १ मार्च १९९३ पासून मोजू लागतात. अशा नोंदींवरून घटना कधी घडली हे शोधता येत नाही, म्हणून वेळेच्या सर्व्हरशी जोडणी करून घ्यावी.

नागपुरात या नोंदींना उन्हाळ्यात वेगळेच महत्त्व येते. कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या अनेक स्विचची कामाच्या तापमानाची कमाल मर्यादा ४५ अंश सेल्सिअस असते, आणि नवतप्यात आपल्याकडे बाहेरचाच पारा तेथवर जातो. गच्चीलगतच्या बंद खोलीत रॅक असेल तर आतली स्थिती त्याहून वाईट. ‘शो एन्व्ह ऑल’ ही कमांड # वर दिली की पंखे, वीजपुरवठा आणि तापमान यांची स्थिती कळते. तापमानाचा इशारा आला म्हणून खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून त्याचा झोत रॅकवर सोडू नये. ती ओलसर हवा आणि तिच्यासोबत येणारी धूळ स्विचला उकाड्याइतकीच घातक ठरते. कोरडी थंड हवा आणि हवा खेळती राहण्याची सोय, हाच उपाय.

कधी कधी प्रॉम्प्ट अगदी अनोळखी असतो: नाव नाही, > नाही, # नाही, केवळ ‘स्विच:’ आणि त्यापुढे कर्सर. याचा अर्थ मुख्य प्रणाली सुरूच झालेली नाही आणि आपण तिच्या आधीच्या बूट लोडरमध्ये आहोत. प्रणालीची फाइल सापडली नाही तर असे होते, किंवा समोरचे मोड बटण दाबून धरत वीज दिल्यास अनेक कॅटॅलिस्ट मॉडेलमध्ये मुद्दाम येथे येता येते. पासवर्ड विसरल्यास सेटिंगची फाइल बाजूला ठेवून आत शिरण्याची अधिकृत वाट येथूनच जाते. त्यातून हेही उघड होते की ज्याचा हात स्विचपर्यंत पोहोचतो त्याला पासवर्ड फार काळ अडवू शकत नाही. रॅकचे कुलूप हा सुरक्षेचाच भाग आहे.

दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर गेल्यावर चिन्हांचे अर्थ नव्याने पाहावेत. जुनिपरच्या प्रणालीत > म्हणजे माहिती पाहण्याची आणि चालवण्याची जागा, तर # म्हणजे थेट सेटिंग बदलण्याची जागा. मात्र तेथील बदल ‘कमिट’ दिल्याशिवाय लागू होत नाहीत, आणि आपण कोणत्या भागात आहोत ते प्रॉम्प्टच्या वरच्या ओळीत छापलेले असते. हुआवेच्या स्विचवर नाव < > अशा कोनी कंसात असेल तर आपण बाहेर आहोत आणि [ ] अशा चौकोनी कंसात असेल तर सेटिंगमध्ये. पोर्टमध्ये शिरल्यावर त्या कंसात पोर्टचे नावही दिसते, जी सोय सिस्कोत नाही. तेथे ‘शो’ऐवजी ‘डिस्प्ले’ आणि ‘नो’ऐवजी ‘अंडू’ चालते. मायक्रोटिकचा प्रॉम्प्ट तर वापरकर्त्याचे नावही सोबत लिहितो.

काम आटोपल्यावर दोन गोष्टी उरतात. केलेले बदल लागू झालेले असले तरी ते केवळ चालू स्मृतीत असतात, आणि प्रॉम्प्ट याबाबत काहीही सांगत नाही. जतन न केलेला स्विच आणि जतन केलेला स्विच एकच # दाखवतात. मृगाच्या आधीच्या वादळी पावसात वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली, तर जतन न केलेले सर्व जाते. म्हणून ‘एंड’ देऊन # वर यावे, ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ द्यावे, विचारलेल्या फाइलच्या नावापुढे नुसते एंटर दाबावे आणि ‘ओके’ उमटेपर्यंत थांबावे.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याची. एसएसएचची खिडकी बंद केली की ते सत्र संपते, पण नेहमीच्या कन्सोलची केबल काढल्याने लॉगिन संपत नाही, कारण केबल निघाल्याचे स्विचला कळतच नाही. आपण # वर असताना केबल काढली तर पुढचा माणूस आपली केबल लावून एंटर दाबताच, कोणताही पासवर्ड न देता, त्याच # वर पोहोचतो. आयओएस अशी रिकामी बैठक आपणहून १० मिनिटांनी बंद करतो. मात्र काहीजण वारंवार लॉगिन करण्याच्या कंटाळ्याने ‘एक्झेक-टाइमआउट ० ०’ देऊन ही मुदतच काढून टाकतात, आणि मग ते दार महिनोन्महिने उघडे राहते. अशी ओळ सेटिंगमध्ये आढळल्यास ती काढून १० मिनिटांची मुदत पुन्हा लावावी. निघताना ‘एक्झिट’ लिहावे, ‘कॉन० इज नाउ अव्हेलेबल’ ही ओळ पडद्यावर आलेली पाहावी आणि मगच केबल काढावी.